आमच्या गावात चिंतनाला आलेल्या मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

२०२४ च्या विधानसभेचा निकाल लागला आणि पंधरा दिवसांनी तुम्ही पाचसहा जण मुंबई-पुण्याहून आमच्या गावी आलात. बैठक मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. मी त्या सोसायटीची लेखनिक. हॉल झाडला, सतरंज्या घातल्या, चहाचं सांगून ठेवलं ते मीच, कारण तुम्ही आमचे आहात असं मला वाटत होतं आणि अजूनही वाटतं. कष्टकरी मतदार आपल्यापासून दूर का गेला, असा विषय होता. तासभर बोलणं झालं. मग तुमच्यातले एक जण म्हणाले, "खरं सांगायचं तर लोक पंधराशे रुपयांना विकले गेले." लाडकी बहीण योजनेच्या दरमहा पंधराशेबद्दल ते बोलत होते. त्यांचं नाव लिहीत नाही, माणूस मनाने चांगला आहे.

दाराजवळ तीन बायका बसल्या होत्या. सकाळची मासळी विकून, टोपल्या बाहेर ठेवून आल्या होत्या. त्या उठल्या आणि निघून गेल्या. नळाला पाणी आलं असेल असं तुम्हाला वाटलं असेल. आमच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं.

त्या तिघींनी मला हे पत्र लिहायला सांगितलेलं नाही. मी माझ्यासाठी लिहिते आहे. माझं मत तुमच्याच उमेदवाराला पडलं होतं आणि पुढच्या वेळीही बहुधा तिकडेच पडेल. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. त्या हिशेबाने माझे वडीलही कधीतरी 'विकले गेले' होते, आणि ते विकले जाणारे नव्हते हे मी जवळून पाहिलेलं आहे.

वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गावकरी मंडळाच्या खोलीत राहायचे, पाळी संपेल तसे आळीपाळीने झोपायचे. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. आमच्या भागाला मनीऑर्डरवर चालणारा मुलूख म्हणत ते खरंच होतं, आमची चूल त्याच पैशावर पेटायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याचं कधीच कुणी जाहीर केलं नाही, तो नुसता विरत गेला. मी तेव्हा दहा वर्षांची होते. संपातलं मला नीट आठवतं ते पोस्टमनचं वागणं. आधी तो खळ्यात, म्हणजे अंगणात टेकायचा, पाणी मागायचा, आईची सही घ्यायचा. पुढे आमच्या बेड्यासमोरून, म्हणजे फाटकासमोरून जाताना मान खाली घालून सायकल दामटायला लागला. त्याचा काही दोष नव्हता, त्याच्या पिशवीत आमच्यासाठी काही नसायचं. पण आई रोज अकरा ते बाराच्या दरम्यान खळ्यात काहीतरी काम काढायची. कोकमाची सोलं उलटी-सुलटी करायची, झाडलेलं खळं पुन्हा झाडायची. पोस्टमन गेला की घरात यायची. हे कितीतरी महिने चाललं. ८३ च्या गणपतीला वडील ट्रंक घेऊन आले ते परत गेले नाहीत.

वडील समाजवादी खासदार दंडवत्यांचे मतदार. आधी बॅरिस्टर नाथ पै, मग १९७१ पासून मधु दंडवते. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. समाजवाद म्हणजे काय असं विचारलं असतं तर वडिलांना सांगता आलं नसतं. ते सांगायचे ती गोष्ट रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाची. १९७७ ला नाना रेल्वेमंत्री झाले आणि लाकडी फळ्यांच्या बर्थवर दोन इंचांचा फोम आला. गंमत बघा, कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. आम्ही एसटीने नाहीतर बोटीने ये-जा करायचो, वडील त्या बर्थवर कधी झोपलेही नसतील. तरी ती गोष्ट ते दर वेळी नव्याने सांगायचे. आमच्यासारख्याची पाठ दुखते हे एका मंत्र्याच्या ध्यानात आलं, एवढंच त्यांना त्यात दिसायचं.

तेच वडील १९९५ ला शिवसेना-भाजप युतीला मत देऊन आले. मी तेव्हा कॉलेज संपवून घरी होते, खूप भांडले. दाभोळचा एन्रॉन वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवू असं प्रचारात सांगितलं जात होतं. निवडून आल्यावर ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, आणि पुढच्याच वर्षी वाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा उभा राहिला, आधीपेक्षा मोठा. मी वडिलांना म्हटलं, बघा, फसलात. ते जाळं शिवत बसले होते. सुई न थांबवता म्हणाले, "बुडवूचे नायत ता माका ठावक होता. पण बुडवतलंव असा म्हणणारो तरी दुसरो कोण होतो?"

म्हणणारे होते, हे मला आज माहीत आहे. दाभोळ-गुहागर पट्ट्यातली माणसं लढत होती, डाव्या संघटना आकडेवारी मांडत होत्या, कोर्टात अर्ज पडले होते. आणि त्यांचंच बरोबर निघालं, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. पण ते बरोबर असणं माझ्या वडिलांपर्यंत पोचलं नाही. त्यांच्यापर्यंत पोचला तो आवाज. तेरा वर्षं ज्याच्या वतीने कुणी ओरडलं नाही त्या माणसाला आवाजाचं मोल काय असतं, हे तुम्ही मनावर घ्यावं अशी माझी विनंती आहे.

या तेरा वर्षांत आणि त्यानंतर काय झालं तेही सांगते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडामार्फत घरांसाठी, एक मालकाला. वडिलांनी ती बातमी कापून ठेवली होती. मग २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि हे वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे करायचे असं ठरलं. बांधकाम पाडून जी जमीन मोकळी होईल ती त्यात धरायची नाही. गिरणीत मोकळी जमीन असते किती? २००६ ला सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती मान्य केली. सगळं कायद्याने झालं. एका ओळीच्या दुरुस्तीने अडीच लाख माणसांचा वाटा गेला आणि त्या दिवशी कुठे दगड पडला नाही, कुणाला अटक झाली नाही. तुम्ही आम्हाला संविधान, प्रक्रिया, संस्था यांच्यावर विश्वास ठेवायला सांगता. मी ठेवते. पण ज्याने ही दुरुस्ती आपल्या घरात अनुभवली त्याला 'प्रक्रिया' हा शब्द कसा ऐकू येत असेल?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पोटाचा प्रश्न. तेवढंच नाही, आणि इथे तुमची आणि माझी समजूत वेगळी होते. परळ हा लाल बावट्याचा बालेकिल्ला. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या हत्येनंतर १९७० मध्ये तिथे पोटनिवडणूक झाली आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार. संपाच्या बारा वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा गिरण्या चालू होत्या, पगार होत होते, उपाशी कुणी नव्हतं. पण गिरणी कामगाराचा मुलगा मॅट्रिक झाला होता. त्याला कापसाच्या धुळीत जायचं नव्हतं, टेबलाशी बसायचं होतं. टेबल भरलेलं होतं. युनियन बापाच्या बोनससाठी भांडत होती, या पोराशी बोलायला तिच्याकडे भाषा नव्हती. १९६६ ला स्थापन झालेल्या सेनेने ती भाषा आणली आणि सोबत बोट दाखवायला एक माणूस दिला, दाक्षिणात्य कारकून. गरिबी आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या काढली आहे. जी पायरी आता चढू असं वाटत होतं तिच्यावरून खाली ढकललं जाणं, आणि ढकलणारा दिसत नसणं, हे त्यांना सहन होत नाही.

आमच्या समुद्रावर आज तेच चाललं आहे.

माझ्या लहानपणी रापणीला निम्मं गाव किनाऱ्यावर असायचं. होडीने जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर वाळूत, आणि दोन रांगा मागे मागे चालत ते ओढायच्या. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, पण दोराला हात लावलेला माणूस रिकामा घरी जात नसे. म्हातारा असो, पोर असो, निदान कालवणापुरते बांगडे मिळायचेच. मग अख्खा थवा वेढणारी मोठी पर्ससीन जाळी आली, मग दिवे आले. मोठ्या बोटीवर जनरेटर लावून पाण्यावर झगझगीत उजेड पाडायचा, मासळीचा थवा त्या उजेडाखाली जमला की जाळ्याने वेढून सगळाच्या सगळा उचलायचा. कागदावर हे बंद आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठेवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ ला राज्याने जुना १९८१ चा कायदा दुरुस्त करून दंड लाखांत नेले. आणि तरीही रात्री जेवून किनाऱ्यावर गेलं की क्षितिजावर गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. आमच्या सोसायटीचे जुने सभासद चटईवर बसून ते दिवे मोजतात. बोलत कुणी नाही. मी अनेकदा त्यांच्याबरोबर बसले आहे.

यातल्या कित्येकांची मुलं आज दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत, नाहीतर पहाटेची बस धरून गोव्याच्या कारखान्यात जातात. स्वतःची पात, म्हणजे छोटी होडी असलेल्या माणसाचा मुलगा रोजावर जातो. उत्पन्न मोजलंत तर कदाचित बापापेक्षा जास्तच निघेल. पण तो तांडेलाचा, होडीच्या म्होरक्याचा मुलगा आहे हे तुमच्या तक्त्यात कुठे लिहाल?

तीन वर्षांपूर्वीची एक रात्र सांगते. आमच्या पोरांनी दिव्यांची एक बोट अडवली. समुद्रात बाचाबाची झाली, दोन होड्यांना धडक बसली. जेटीवर बायका-मुलं जमली. मी सोसायटीतर्फे जिल्ह्याच्या एका कार्यालयात फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. आपल्या पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना लावला, ते शिबिराला बाहेरगावी होते, म्हणाले सकाळी निवेदन तयार करू. तेवढ्यात कुणीतरी इथल्या पुढाऱ्याला, 'दादां'ना लावला. ज्यांना मी कधीही मत दिलेलं नाही ते दादा चाळीस मिनिटांत जेटीवर हजर. पायजम्यावर आले होते, पायात चपला वेगवेगळ्या. त्यांनी दोन-तीन अधिकाऱ्यांना फोनवर मोठ्याने झापलं, पोरांच्या खांद्यावर हात ठेवले, एका म्हातारीला खुर्ची आणायला लावली आणि पहाटे होड्या परत येईपर्यंत थांबले. पंधरा दिवसांनी दिवे पुन्हा दिसायला लागले. दादांनी पुढे काहीही केलं नाही, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ते आले होते, हेही प्रत्येकाला माहीत आहे. मतदान करताना दुसरी गोष्ट आठवते. तुम्ही याला व्यक्तिपूजा म्हणता. मध्यरात्री जेटीवर पाय गारठलेल्या बाईला ती पूजा वाटत नाही.

आता ते पंधराशे रुपये. त्या बैठकीतून उठून गेलेल्या तिघींतली एक माझी शेजारीण. बारा वर्षांपूर्वी नवरा वारला, मासळी सुकवते आणि विकते. जून २०२४ ला योजना जाहीर झाली तेव्हा तिचा अर्ज मीच भरला. वयाची अट २१ ते ६५, उत्पन्नाची अडीच लाख, तिला दोन्ही अटी वाचून दाखवल्या. ऑगस्टमध्ये पैसे जमा झाले त्या दिवशी ती पासबुक घेऊन सोसायटीत आली. तिला आकडा माहीत होता, बँकेत सांगितला होता. तरी तिला तो माझ्याकडून पुन्हा वाचून घ्यायचा होता. म्हणाली, "माझ्या नावार आजवर नोटीसच इली. पैसे पयल्यांदाच इले." नवऱ्याच्या होडीवरच्या कर्जाची नोटीस तिच्या नावावर आली होती, ते ती सांगत होती. होडी मात्र कधीच तिच्या नावावर नव्हती.

याला तुम्ही विक्री म्हणता. सरकारचा कागद हा फक्त भीती घेऊन येतो असं बारा वर्षं ज्या बाईने गृहीत धरलं होतं, तिच्या बाबतीत ही काय घटना असेल ते बघा. आणि ती भोळी नाही. प्रचारात २१०० देऊ म्हटलं होतं, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते आलं नाही, हे तिने मला सांगितलं, मी तिला नव्हे. पुढे केवायसीसाठी रांगा लागल्या तेव्हा शिव्याही तिनेच घातल्या. तरी ती म्हणते की दुसऱ्यांनी काय दिलं ते सांग. मी तिला धोरणं सांगायला लागते आणि मध्येच थांबते. मच्छीमारांच्या डिझेल परताव्याचे अर्ज माझ्या कपाटात आहेत. पंपावर पूर्ण पैसे आधी भरायचे आणि परतावा महिनोन् महिने वाट बघून घ्यायचा. तो हक्काचा पैसा, मागूनही मिळत नाही. पंधराशे न मागता आले. या दोन्हींत तिने कशाला चांगलं म्हणायचं?

काजूवाल्यांचं दुःख थोडक्यात. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरचा आयात कर पाच टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आला. बी चा दर पडायला आणखीही कारणं आहेत, पण आफ्रिकेचा माल स्वस्तात येत असताना आपल्या राज्यातल्या किती पुढाऱ्यांनी त्या दिवशी आवाज केला? बागायतदाराला कळलं ते मे महिन्यात, काट्यावर.

हे आमचंच वेड नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबी म्हणून मासेमारीचं मोठं बंदर होतं. आइसलंडने आपल्या भोवतीचा दोनशे सागरी मैलांचा समुद्र राखून ठेवला, १९७६ ला ब्रिटनला ते मान्य करावं लागलं, आणि त्या बंदरातल्या बोटी धक्क्यावर कुजल्या. चाळीस वर्षांनी, २३ जून २०१६ ला, युरोपीय संघातून बाहेर पडावं की नाही यावर सार्वमत झालं. त्या भागातल्या जवळजवळ सत्तर टक्के मतदारांनी बाहेर पडा म्हटलं. तुमचा समुद्र तुम्हाला परत देऊ, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. जाणकार सांगत होते की तिथले मासळीचे कारखाने बाहेरून येणाऱ्या मालावर चालतात, हे मत त्यांच्याच हिताविरुद्ध आहे. जाणकारांचं चुकलं नसेल. त्याच वर्षी अमेरिकेत मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन ही कारखान्यांची राज्यं ट्रम्प यांच्याकडे गेली, तेव्हाही 'हिताविरुद्ध मतदान' हाच शब्द सगळीकडे होता. मी ग्रिम्सबीबद्दल वाचलं तेव्हा मला चटईवर दिवे मोजणारे आमचे म्हातारे दिसले. चाळीस वर्षं ज्यांचं हित कुणी विचारलं नाही, त्यांना मतदानाच्या आदल्या आठवड्यात त्यांचं हित समजावायला गेलं तर ते का ऐकतील?

हे सगळं लिहिते आहे म्हणून जे चाललं आहे ते मला पसंत आहे असं समजू नका. मला भीती वाटते, आणि पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. दिव्यांच्या बोटी कुणाच्या आहेत ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांतले काही जण दादांच्याच व्यासपीठावर पहिल्या रांगेत असतात, गणपतीला मंडळांना देणगीही देतात. त्यांच्याकडे बोट दाखवणं दादांना परवडत नाही. म्हणून बोट वळतं नेपाळच्या, कर्नाटकच्या खलाशाकडे. त्या बोटीवर सर्वांत कमी मिळतं ते त्यालाच, जाळ्यात बोटं तुटतात तीही त्याचीच. आणि अलीकडे ते वळतं आमच्याच मोहल्ल्याकडे. आमच्या किनाऱ्यावर मुसलमान दालदी आणि हिंदू गाबीत एकाच रापणीचे दोर ओढत आले. गेल्या नारळी पौर्णिमेला सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश फिरला की 'त्यांच्या'कडून मासे घेऊ नका. टाकणारा पोरगा एकवीस वर्षांचा, चार महिने बेकार. त्याच्या आजोबांना वादळात ज्यांनी पाण्यातून ओढून काढलं ते कोण होते हे मी त्याला सांगितलं. त्याने संदेश काढला. पण त्याचा राग काढायला मला जमलेलं नाही, कारण तो राग खोटा नाही, फक्त चुकीच्या दारात नेऊन ठेवला आहे. योग्य दार दाखवायला त्याच्याबरोबर चालत कुणी जायला हवं, आणि ते काम तुमचं होतं.

म्हणून मागणं आहे. 'विकले गेले' हे शब्द पुन्हा कुठल्याही बैठकीत, कुठल्याही लेखात वापरू नका. पंधराशेला विरोध करण्याऐवजी मासळी विकणाऱ्या बाईच्या नावावर आणखी काय असायला हवं ते मागा: होडी, घर, सोसायटीचं सभासदत्व. आमच्या सोसायटीत आजही बायका सभासद नावापुरत्या आहेत, त्याबद्दल मला आमच्या पुरुषांशी भांडायचं आहे आणि मला सोबत हवी आहे. डिझेल परताव्याचे थकलेले अर्ज घेऊन तुमच्यातल्या वकिलांनी एकदा माझ्याबरोबर कार्यालयात यावं आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नये. दिव्यांच्या बोटींच्या मालकांची नावं जाहीर सभेत घ्यायची हिंमत करावी. गावात राहून मला ते जड जातं, हे मी मान्य करते.

आणि निकालानंतर येऊ नका. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात, हातात पैसा नसतो आणि बोलायला वेळ असतो. तेव्हा या, दोन दिवस राहायच्या तयारीने. सकाळी पुरुष जाळी दुरुस्त करतात, त्यांच्याशेजारी बसता येईल. बायका दुपारी तीननंतर मोकळ्या होतात. त्या तिघींना मी बोलावणार आहे. येतील की नाही ते सांगता येत नाही, म्हणून पहिल्यांदा त्यांच्या घरी आपणच जाऊ. अर्जांच्या झेरॉक्स मी काढून ठेवते.

आपली,
एका मच्छीमार सोसायटीची लेखनिक
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग